रॉन वायडन, सिनेटर (ओरेगॉन): बरीच वर्षं वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

आपल्या लोकांना सिनेटर आठवतो तो फक्त यूएससीआयएसमध्ये (इमिग्रेशनचं सरकारी खातं) केस अडकली की. ईएडी (वर्क परमिट) येत नाहीये, पासपोर्ट वेळेत मिळेल असं वाटत नाहीये, मग ग्रुपवर कुणीतरी टाकतं "अगं सिनेटरच्या ऑफिसला फोन कर ना, फुकट असतं". आणि ते खरंय, फुकट असतं, सिटिझन असायची पण गरज नाही, एका प्रायव्हसी रिलीज फॉर्मवर सही करून द्यायची (ती दिल्याशिवाय ते तुमच्या केसबद्दल एजन्सीला विचारूच शकत नाहीत) आणि मग ऑफिस तुमच्या वतीने चौकशी करतं. निर्णय बदलून मिळत नाही, फक्त विचारणा होते, पण सिनेटरच्या लेटरहेडवर विचारणा आली की फाइल निदान कुणीतरी उघडतं. बहुतेकांचा रिव्ह्यू इथंच संपतो. चार स्टार, थँक्यू, व्हेरी हेल्पफुल.

पण हे सिनेटरचं मुख्य काम नाहीच ना. मुख्य काम म्हणजे तो तिकडे वॉशिंग्टनमध्ये आपल्या नावाने काय व्होट टाकतो, कुणाला काय विचारतो, युद्धाला हो म्हणतो का नाही, सरकारने आपले फोन ऐकावेत का नाही. हिल्सबरो-बीव्हर्टन भागात आपली एवढी मंडळी आहेत, निम्मी इंटेलमुळे आलेली, त्यातली कितीतरी आता व्होटर आहेत, पण टेस्ला घ्यायच्या आधी चाळीस व्हिडिओ बघणारे आपण सिनेटरच्या बाबतीत मेलमध्ये आलेल्या बॅलटवर नाव ओळखीचं दिसलं की गोल भरतो. म्हणून म्हटलं याचाही रिव्ह्यू लिहावा. दोन्ही गोष्टींचा, परराष्ट्र धोरण आणि सिव्हिल लिबर्टीज, कारण या माणसाच्या बाबतीत या दोन्हींचा दर्जा एकसारखा नाहीये आणि तेच मला सांगायचंय.

आधी बेसिक स्पेसिफिकेशन. रॉन वायडन, डेमोक्रॅट, जन्म १९४९, आईवडील नाझी जर्मनीतून पळून आलेले ज्यू. १९८१ पासून हाउसमध्ये (संसदेचं खालचं सभागृह) आणि १९९६ पासून सिनेटमध्ये. इंटेलिजन्स कमिटीवर (गुप्तचर संस्थांवर नजर ठेवणारी सिनेटची समिती) २००१ पासून, म्हणजे ९/११ च्या आधीपासून बसलाय, हे पुढे फार महत्त्वाचं आहे. दरवर्षी ओरेगॉनच्या ३६ च्या ३६ काउंटींमध्ये टाउन हॉल, म्हणजे खुली सभा, घेतो, आपल्या वॉशिंग्टन काउंटीत पण आणि जेमतेम चौदाशे-पंधराशे वस्तीच्या व्हीलर काउंटीत पण, आजवर हजाराच्या वर झालेत. आपला दुसरा सिनेटर जेफ मर्कली पण तसंच करतो, त्यामुळे इथं राहणाऱ्यांना हे नॉर्मल वाटतं, बाकी स्टेटमधल्या मित्रांना सांगून बघा, त्यांचा विश्वास बसत नाही. शाळेच्या जिममध्ये घडीच्या खुर्च्या टाकलेल्या असतात, शेतकरी टोपीवाले आजोबा पाण्याच्या हक्काबद्दल विचारतात, मग एखादा कॉलेजचा पोरगा गाझाबद्दल आवाज चढवून विचारतो, मग कुणीतरी मेडिकेअर. आपल्याकडे खासदार फक्त लग्नात आणि दहीहंडीच्या स्टेजवर दिसायची सवय असलेल्यांनी एकदा तरी जाऊन बघावं.

आता सिव्हिल लिबर्टीज, म्हणजे सरकारने नागरिकाच्या आयुष्यात किती डोकवावं हा विषय. इथं हा माणूस प्रीमियम आहे. पण सुरुवात चांगली नाही हे आधीच सांगते, ऑक्टोबर २००१ मध्ये पॅट्रियट ॲक्ट (९/११ नंतर सरकारचे पाळतीचे अधिकार वाढवणारा कायदा) सिनेटमध्ये ९८ विरुद्ध १ ने पास झाला तेव्हा वायडन त्या ९८ मध्ये होता. तो एकटा नाही म्हणणारा होता विस्कॉन्सिनचा रस फाइनगोल्ड. तेव्हाचं वातावरण काय होतं ते माहितीय, तरी तो व्होट रेकॉर्डवर आहे आणि रिव्ह्यूमध्ये लिहायलाच हवा. २००६ ला तोच कायदा पुढे चालू ठेवायचा प्रश्न आला तेव्हा ८९ विरुद्ध १० झालं, आणि यावेळी वायडन त्या १० मध्ये. २००८ ला फायसा, म्हणजे परदेशी हेरगिरीसाठी पाळत ठेवायचा कायदा, वाढवला (ज्यात सरकारला मदत करणाऱ्या फोन कंपन्यांना माफी दिली गेली) तेव्हाही नाही म्हणाला, आणि लक्षात घ्या तेव्हाचे सिनेटर ओबामा हो म्हणाले होते. मधल्या पाच वर्षांत काय झालं? कमिटीत बसून गुप्त कागद वाचले त्याने. बाकीचेही वाचू शकत होते.

आणि इथून त्याची जी खास स्टाइल सुरू होते ती समजून घ्या, कारण हीच खरी सर्व्हिस आहे. गुप्त माहिती त्याला कळते पण बाहेर सांगता येत नाही. मग तो सांगत नाही, विचारतो. मे २०११ मध्ये सिनेटमध्ये उभा राहून म्हणाला की सरकार पॅट्रियट ॲक्टचा जो गुप्त अर्थ लावतंय तो लोकांना कळेल तेव्हा लोक थक्क होतील आणि चिडतील. गुप्त अर्थ म्हणजे काय? ते सांगू शकत नाही. लोकांनी तेव्हा जांभई दिली असणार. मग १२ मार्च २०१३, इंटेलिजन्स कमिटीची उघडी सुनावणी, टीव्हीवर, समोर नॅशनल इंटेलिजन्सचे डायरेक्टर जेम्स क्लॅपर, आणि वायडन साधा एका ओळीचा प्रश्न विचारतो की एनएसए (फोन-इंटरनेटवर पाळत ठेवणारी अमेरिकन गुप्तचर संस्था) लाखो किंवा कोट्यवधी अमेरिकन लोकांचा कुठलाही डेटा गोळा करते का. क्लॅपर कपाळ चोळत म्हणतात "नो सर". मग "नॉट विटिंगली". म्हणजे जाणूनबुजून नाही. हा प्रश्न आदल्या दिवशी त्यांच्या ऑफिसला पाठवलेला होता, म्हणजे गुगली वगैरे काही नव्हती, आणि नंतर उत्तर सुधारायची संधीपण दिली होती. तीन महिन्यांनी, जूनमध्ये, एनएसएचा कॉन्ट्रॅक्टर एडवर्ड स्नोडेन याने फोडलेले कागद बाहेर आले आणि पहिलीच बातमी काय, तर व्हेरायझनला रोजच्या रोज सगळ्या कॉल्सचे रेकॉर्ड द्यायचा कोर्टाचा गुप्त आदेश. कोण कुणाशी कधी किती वेळ बोललं, सगळं. क्लॅपर नंतर म्हणाले की मी त्यातल्या त्यात कमीत कमी असत्य उत्तर दिलं. त्यांच्यावर केस वगैरे काही झाली नाही.

व्हिडिओ यूट्यूबवर आहे, दोन मिनिटांचा पण नाही, बघाच. मला त्यात आवडतं ते म्हणजे वायडनचा आवाज चढत नाही. आपल्याकडच्या न्यूज चॅनलची सवय असेल तर वाटेल हा माणूस काही बोललाच नाही.

टेक लोकांमध्ये आता याला "वायडन सायरन" म्हणतात. तो एखाद्या एजन्सीला विचित्र वाटावं इतकं नेमकं पत्र लिहितो, आणि ज्यांना कळतं ते समजून जातात की आत काहीतरी आहे. डिसेंबर २०२३ चं उदाहरण घ्या. त्याने जस्टिस डिपार्टमेंटला पत्र लिहिलं की परदेशी सरकारं ॲपल आणि गूगलकडून पुश नोटिफिकेशनचा डेटा मागतायत आणि कंपन्यांना यावर बोलायची परवानगी द्या. तुमच्या फोनवर "टिंग" वाजतं ना, ते ॲपवरून थेट येत नाही, ॲपल किंवा गूगलच्या सर्व्हरमधून येतं, म्हणजे कुठल्या ॲपची नोटिफिकेशन कुठल्या फोनला कधी गेली हे तिथे कळतं. ॲपलने त्यानंतर मान्य केलं की हो, अमेरिकन सरकारने आम्हाला हे सांगायला मनाई केली होती, आता बाहेर आलंय तर आम्ही रिपोर्टमध्ये टाकू. मी स्वतः सॉफ्टवेअरमध्ये आहे, पुश नोटिफिकेशनचा कोड लिहिलाय, हा विचार डोक्यात आला नव्हता. एका सत्तरी ओलांडलेल्या सिनेटरच्या ऑफिसला आला.

दुसरं, डेटा विकत घेण्याचं प्रकरण. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने कार्पेंटर केसमध्ये सांगितलं की फोन कंपनीकडून माणसाच्या लोकेशनचा जुना रेकॉर्ड घ्यायचा तर पोलिसांना वॉरंट लागेल. छान. मग एजन्सींनी काय केलं, जे मागायला वॉरंट लागतं ते डेटा ब्रोकरकडून (लोकांचा डेटा विकणाऱ्या कंपन्या) पैसे देऊन घ्यायला लागले! विकत घेतलं तर वॉरंट कशाला. एनएसए अमेरिकन लोकांच्या ब्राउझिंगचे रेकॉर्ड असे विकत घेते हे वायडनने कबूल करून घेतलं, ते कसं, तर एनएसएच्या नव्या डायरेक्टरच्या नेमणुकीवर होल्ड टाकून, उत्तर द्या मगच नेमणूक पुढे जाईल. जानेवारी २०२४ मध्ये ते सगळं पब्लिक केलं. (होल्ड म्हणजे एकटा सिनेटर नेमणूक अडवून धरू शकतो ती पद्धत. पूर्वी हे नाव न सांगता करता यायचं, ती गुपचूप पद्धत बंद करायला पण हाच माणूस कितीतरी वर्षं भांडत होता.) यावर त्याने केंटकीच्या रिपब्लिकन सिनेटर रँड पॉल बरोबर बिल आणलं, फोर्थ अमेंडमेंट (अवाजवी झडतीपासून संरक्षण देणारी घटनादुरुस्ती) इज नॉट फॉर सेल, नावच पुरेसं आहे. एप्रिल २०२४ मध्ये हाउसमध्ये २१९ विरुद्ध १९९ ने पास झालं. सिनेटमध्ये अडकलं.

आणि इथे माझी पहिली मोठी तक्रार. डिलिव्हरी. या माणसाची बिलं आणि दुरुस्त्या नेहमी दारात येऊन परत जातात. मे २०२० मध्ये त्याची आणि मॉन्टानाच्या सिनेटर डेन्सची दुरुस्ती होती की लोकांची ब्राउझिंग आणि सर्च हिस्टरी बघायला वॉरंट हवं. ६० मतं लागत होती, मिळाली ५९. एक! चार जण गैरहजर, त्यात बर्नी सँडर्स आणि आपल्या शेजारच्या वॉशिंग्टन स्टेटच्या पॅटी मरी. जानेवारी २०१८ ला फायसाच्या कलम ७०२ वर (ते काय ते पुढे सांगते) चर्चा थांबवून मतदान घ्यायला ६० लागत होती, विरोधी बाजूला बरोबर ६० मिळाली. आता यात त्याचा दोष किती हा प्रश्न आहेच, पण कस्टमर म्हणून मला इतकं कळतं की पार्सल आलं नाही. सोसायटीचा गुरखा रात्री शिट्टी उत्तम वाजवतो, चोर कुठल्या मजल्यावर आहे तेही सांगतो, पण दाराला कुलूप बसवायची कमिटीची मीटिंग दरवेळी कोरमअभावी रद्द, असं काहीसं.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे आणि त्यावर माझं स्वतःशीच अजून भांडण चालू आहे. त्याला माहिती होतं ना? २०११ ला माहिती होतं. अमेरिकन घटनेत स्पीच ऑर डिबेट म्हणून कलम आहे, सिनेटच्या सभागृहात बोललेल्या गोष्टीबद्दल सिनेटरवर बाहेर कुठे केस करता येत नाही. १९७१ मध्ये अलास्काच्या माइक ग्रॅव्हेलने व्हिएतनाम युद्धाचे गुप्त पेंटॅगॉन पेपर्स सरळ सबकमिटीत वाचून दाखवले आणि रेकॉर्डवर टाकले, पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टानेही त्याचं संरक्षण मान्य केलं. मग वायडनने तसं का नाही केलं? दोन वर्षं नुसता इशारे देत बसला आणि शेवटी सांगितलं कुणी, तर एका कॉन्ट्रॅक्टरने, ज्याला त्याची किंमत म्हणून मॉस्कोत राहावं लागलं. वायडनच्या बाजूने असं म्हणता येईल की एकदा वाचून दाखवलं असतं तर इंटेलिजन्स कमिटीवरून गेला असता आणि मग २०२३ चं पुश नोटिफिकेशनचं पत्र, २०२४ चं ब्रोकरचं प्रकरण काहीच बाहेर आलं नसतं. पटतं मला. पण अर्धंच. नियम पाळणारा माणूस आत राहतो आणि नियम तोडणारा बाहेर फेकला जातो, आणि कायदा बदलला तो (२०१५ चा फ्रीडम ॲक्ट, ज्याने फोन रेकॉर्डचा तो ढीग सरकारकडून काढून घेतला) दुसऱ्यामुळे बदलला. अर्धा स्टार इथं कापते.

तिसरं म्हणजे आपल्या लोकांसाठी बारीक अक्षरातलं, नीट वाचा. कलम ७०२ काय आहे? अमेरिकेबाहेर असलेल्या, अमेरिकन नसलेल्या माणसांवर अमेरिकन कंपन्यांच्या मदतीने पाळत ठेवायचा अधिकार, प्रत्येकासाठी वेगळं वॉरंट नाही. म्हणजे सांगलीत बसलेली तुमची आई कागदोपत्री या कलमाच्या कक्षेत येते. अर्थात तिच्या भरल्या वांग्याच्या रेसिपीत एनएसएला इंटरेस्ट नाही, परदेशी इंटेलिजन्सचं काहीतरी कारण लागतं, पण कायदा तिला संरक्षण देत नाही. आणि ज्याच्यावर पाळत आहे त्याच्याशी इथून कुणी बोललं तर इथल्या माणसाचंही बोलणं त्यात आपोआप येतं, आणि मग एफबीआय त्या साठ्यात इथल्या माणसाचं नाव टाकून वॉरंटशिवाय शोधू शकते. वायडन वर्षानुवर्षं याला मागच्या दाराने केलेली झडती म्हणतोय आणि भांडतोय. २०२४ ला ते कलम दोन वर्षांसाठी वाढवलं तेव्हा त्यात अजून एक भर घातली की नुसतं उपकरणांपर्यंत पोचता येणाऱ्या, म्हणजे वायर, राउटर, सर्व्हर हाताळणाऱ्या कित्येक धंद्यांनाही सरकार कामाला लावू शकेल, त्यालाही तो आडवा गेला, हरला.

पण त्याची ही सगळी लढाई "यूएस पर्सन" साठी आहे. यूएस पर्सन म्हणजे सिटिझन आणि ग्रीन कार्डवाले. एच-वनबीवाले, म्हणजे कामाच्या व्हिसावरचे, त्यात येत नाहीत! टॅक्स भरा, सोशल सिक्युरिटी भरा, पंधरा वर्षं ग्रीन कार्डच्या लायनीत उभे राहा, तरी या कायद्याच्या भाषेत तुम्ही बाहेरचे. तुम्ही इथं असेपर्यंत ७०२ तुमच्यावर थेट लावता येत नाही, सुट्टीला पुण्याला गेलात की तो अडसर गेला. तसंच एअरपोर्टवरच्या फोन तपासणीचं. वायडन आणि रँड पॉलनी २०१७ मध्ये बिल आणलं की बॉर्डरवर फोन उघडायला वॉरंट हवं, ते पास झालंच नाही, पण झालं असतं तरी तेही यूएस पर्सनपुरतंच. २०२२ मध्ये त्याच्याच पत्रामुळे कळलं की कस्टम्सवाले वर्षाला दहा हजारांपर्यंत फोन आणि लॅपटॉपचा डेटा कॉपी करून एका डेटाबेसमध्ये टाकतात, तो पंधरा वर्षं ठेवतात आणि सुमारे २,७०० अधिकारी तो बघू शकतात. छान, माहिती मिळाली, थँक्यू. पण मुंबईहून परत येताना एच-वनवाल्याच्या हातात यातलं काय? विमानातून उतरायच्या आधी फोन बंद करा, एवढंच.

म्हणून म्हणते, प्रॉडक्ट चांगलंय, पण कव्हरेज कुणाला आहे ते बघून घ्या.

आता परराष्ट्र धोरण. इथं रिव्ह्यू लांबवण्यात अर्थ नाही कारण माल मध्यम आहे. २००१ चं अफगाणिस्तानवालं युद्धाचं अधिकारपत्र, ९८ विरुद्ध शून्य, यानेही हो म्हटलं, सगळ्यांनीच म्हटलं. ऑक्टोबर २००२, इराक, ७७ विरुद्ध २३, हा २३ मध्ये, आणि तेव्हा हिलरी क्लिंटन, जॉन केरी, जो बायडन सगळे ७७ मध्ये होते हे विसरू नका, त्या व्होटचे पूर्ण मार्क. इराणबरोबरचा २०१५ चा अणुकरार, पाठिंबा दिला पण अगदी शेवटच्या दिवसांत, जवळजवळ सगळ्यांनी ठरवून झाल्यावर. येमेनमधल्या सौदी युद्धातून अमेरिकन मदत काढायचा २०१९ चा ठराव, हो, पण तिथे सगळेच डेमोक्रॅट हो होते. म्हणजे युद्ध नको या बाजूचा आहे हे दिसतं, मात्र पुढे उभा राहून ओरडणारा नाही. ओरेगॉनमध्ये परराष्ट्र धोरणावर जास्त तिखट आवाज ऐकायचा असेल तर मर्कली.

व्यापार हा मात्र त्याचा हातखंडा, फायनान्स कमिटीचा माणूस आहे. पूर्वी तो खुल्या व्यापाराचा इतका पुरस्कर्ता होता की २०१५ मध्ये ओबामांना व्यापार करार झटपट करायचा अधिकार द्यायला त्याने रिपब्लिकनांबरोबर तडजोड केली आणि इथल्या युनियनवाल्यांनी त्याला भरपूर शिव्या घातल्या. ओबामा तेव्हा करारांची वकिली करायला बीव्हर्टनला नाइकीच्या कॅम्पसवर आले होते, आठवत असेल काही जुन्या लोकांना, ट्रॅफिकमुळे तरी. आणि एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्पच्या सरसकट टॅरिफविरुद्ध ठराव आणला, परत रँड पॉलबरोबर, ४९-४९. परत तेच! दोन जण गैरहजर, त्यातला एक त्याच्याच पक्षाचा. ऑक्टोबरमध्ये तसाच ठराव ५१ विरुद्ध ४७ ने सिनेटमध्ये पास झाला खरा, पण हाउसने हात लावल्याशिवाय त्याला किंमत नव्हती. भारतावर ऑगस्ट २०२५ मध्ये ५० टक्के टॅरिफ लागला तेव्हा मुंबईच्या सीप्झमधल्या दागिन्यांच्या कारखान्यांपर्यंत धक्का बसला, त्यामुळे हा व्होट आपल्यासाठी नुसता अमेरिकन राजकारणाचा नाही.

पण परराष्ट्र धोरण घराच्या अंगणात आलं की हाच माणूस एकदम बदलतो, आणि ते सौदीच्या प्रकरणात दिसतं. ऑगस्ट २०१६ मध्ये पोर्टलँडच्या हॉथॉर्न बुलेव्हार्डवर रस्ता ओलांडताना पंधरा वर्षांची एक मुलगी गाडीखाली मेली. आरोपी सौदी विद्यार्थी, जामिनावर, पायाला जीपीएस पट्टा. खटल्याच्या तोंडावर जून २०१७ मध्ये पट्टा कापून गायब, आणि पुढे कळलं की सौदीला पोचला. पासपोर्ट जप्त असताना पोचला कसा? इथल्या वृत्तपत्राने शोध घेतला तेव्हा असे पळालेले आणखीही निघाले. वायडन याच्या मागे हात धुऊन लागला. एफबीआयला या विषयावरचे गुप्त कागद उघडे करायला लावणारा कायदा डिसेंबर २०१९ मध्ये करून घेतला आणि जानेवारी २०२० मध्ये कागद बाहेर आला, त्यात एफबीआयचंच मत की सौदी अधिकारी आपल्या नागरिकांना अमेरिकन कायद्यापासून पळायला जवळजवळ नक्कीच मदत करतात. हे मोठं आहे हो. एका मित्रराष्ट्राबद्दल एफबीआयने असं लिहिलेलं बाहेर काढणं आणि तेही ट्रम्प-सौदी दोस्ती जोरात असताना.

खशोगीचंही तसंच. ऑक्टोबर २०१८ मध्ये इस्तंबूलच्या सौदी कॉन्सुलेटमध्ये या सौदी पत्रकाराचा खून झाला, इंटेलिजन्सचा अहवाल दोन वर्षं दाबून ठेवला, आणि जानेवारी २०२१ मध्ये एव्ह्रिल हेन्स नॅशनल इंटेलिजन्सच्या डायरेक्टरपदी नेमणुकीसाठी कमिटीसमोर आल्या तेव्हा वायडनने सरळ विचारलं, कायद्याप्रमाणे तो अहवाल देणार का. त्या हो म्हणाल्या. फेब्रुवारीत आला, युवराज मोहम्मद बिन सलमानने त्या कारवाईला मंजुरी दिल्याचं त्यात होतं. बघा, परत तीच पद्धत. भाषण नाही, मोर्चा नाही, एक प्रश्न, शपथेवर, कॅमेऱ्यासमोर, जिथे समोरच्याला नोकरी हवी आहे त्या वेळी.

मग हा माणूस निर्दोष आहे का, तर नाही, आणि हे त्याच्या भक्तांना आवडणार नाही (टेक ट्विटरवर आहेत, भरपूर). मार्च २०१३ मध्ये रँड पॉल ड्रोनने अमेरिकन नागरिक मारायच्या प्रश्नावर जवळजवळ तेरा तास सिनेटमध्ये उभा होता, तेव्हा वायडन पलीकडच्या पक्षातून येऊन त्याच्या बाजूने बोलला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी ज्याच्या नेमणुकीवरून हे चाललं होतं त्या जॉन ब्रेननला सीआयएचा प्रमुख करायला हो म्हणून आला. मर्कली नाही म्हणाला होता. आणि हाच ब्रेनन प्रमुख असताना सीआयएने कैद्यांच्या केलेल्या छळाच्या चौकशीचं काम करणाऱ्या सिनेटच्याच लोकांच्या कॉम्प्युटरमध्ये डोकावलं, सीआयएच्या स्वतःच्याच इन्स्पेक्टर जनरलने तसं मान्य केलं. वायडन तेव्हा खूप चिडला होता. २०१७ मध्ये इस्रायलवर बहिष्कार घालणाऱ्यांविरुद्धचं जे बिल आलं, ज्याला एसीएलयूने (नागरी हक्कांसाठी लढणारी संस्था) अभिव्यक्ती स्वातंत्र्याच्या मुद्द्यावर विरोध केला, त्यावर सहप्रायोजक म्हणून वायडनचं नाव होतं. जिथे परराष्ट्र धोरण आणि नागरी स्वातंत्र्य एकमेकांच्या आड येतात नेमकं तिथे. बहिष्कार बरोबर का चूक हा वाद वेगळा, पण बहिष्कार घालायचा हक्क यावर फोर्थ अमेंडमेंटच्या हिरोने फर्स्ट अमेंडमेंटकडे (अभिव्यक्ती स्वातंत्र्य देणारी) कानाडोळा करावा हे मला खटकतं. अजून एक अर्धा स्टार.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट, कारण वर एवढे आकडे बघून कुणी म्हणेल हे सगळं तुला कुठून माहीत. सिनेटच्या साइटवर प्रत्येक रोल कॉल व्होट नावासकट असतो, १९८९ पासूनचा, कुणीही बघा. आपल्याकडे लोकसभेत बहुतेक बिलं आवाजी मतदानाने जातात, कुणी "आये" म्हटलं कुणी "नो" याची नोंदच नाही, आणि १९८५ च्या पक्षांतरबंदीनंतर व्हिप मोडला तर खासदारकी जाते, मग तुमच्या खासदाराची परराष्ट्र धोरणावर स्वतःची भूमिका काय हा प्रश्नच उरत नाही. आयबी आणि रॉवर नजर ठेवणारी संसदेची कमिटीच नाही, २०११ मध्ये मनीष तिवारींनी खासगी विधेयक आणलं होतं, ते तसंच विरलं. क्लॅपरला विचारला तसा प्रश्न दिल्लीत विचारायला खुर्चीच नाहीये. मी इथल्या सिस्टीमची आरती ओवाळत नाहीये, वर एवढ्या तक्रारी केल्यात, पण निदान तक्रार करायला रेकॉर्ड आहे.

रेटिंग. सिव्हिल लिबर्टीज पाचपैकी चार, कापलेले दोन अर्धे वर सांगितले. परराष्ट्र धोरण तीन, त्यातला एक फक्त सौदीमुळे, नाहीतर दोनच दिले असते. एकूण साडेतीन, आणि मी परत घेईन का, हो, कारण बाजारात जे बाकीचे ९९ आहेत त्यातले किती जण गुप्त कागद वाचून रात्री अस्वस्थ होतात याबद्दल मला शंका आहे.

व्होटर असाल तर टाउन हॉलला जा, व्होटर नसाल तरी जा, दारात कुणी कार्ड बघत नाही. तारखा त्याच्या साइटवर येतात, ईमेल न्यूजलेटरला नाव दिलं तर आधी कळतं. प्रश्न एकाच वाक्यात विचारा, आपल्या लोकांना आधी पाच मिनिटं पार्श्वभूमी सांगायची सवय आहे, तोवर माइक पुढे जातो. माझा ठरलाय: एच-वनबीवर दहा वर्षं टॅक्स भरणारा माणूस तुमच्या बिलांमध्ये "यूएस पर्सन" कधी होणार?